थांबा, येऊन राहिलं

मला अजूनही शाळांमधून बोलावणी येतात. मी लहान मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं आहे, त्यामुळे. पुस्तकात सहा मुलं आठवडी बाजारात हरवलेली शेळी शोधत फिरतात. एक वऱ्हाडी बोलतो, एक उर्दू मिसळून बोलते, एक मेळघाटातला कोरकू आहे, एक मारवाडी दुकानदाराची मुलगी आहे, एकाला ऐकू येत नाही म्हणून तो हातांनी बोलतो. सहावी मुलगी अडखळत बोलते, आणि शेळी कुठे गेली हे नेमकं तिनेच पाहिलेलं असतं. ती सांगायला तोंड उघडते, शब्द अडतो, आणि बाकीची पाच जणं थांबतात. पुढची चार पानं कोणीच काही बोलत नाही, नुसती चित्रं आहेत. मग ती सांगते आणि शेळी सापडते.

गोष्ट संपली की कोणीतरी हात वर करून विचारतं, ती मुलगी खरी आहे का? मी सांगतो, आहे, माझीच मुलगी आहे, आता मोठी झाली, अकोल्याला असते, माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. मग दुसरा प्रश्न येतो, तिच्यासाठी खरंच सगळे थांबतात का? मी हो म्हणतो. मुलं टाळ्या वाजवतात, बाई माझ्या हातात नारळ ठेवतात आणि मी बस पकडतो. ते 'हो' खोटं आहे. किती खोटं आहे ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

माझा मूळचा धंदा नकलांचा. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत असं गाव विरळंच असेल, जिथल्या शाळेच्या मैदानात किंवा गणपतीच्या मांडवात मी उभा राहिलो नाही. एक टोपी, एक उपरणं, बाकी सगळं तोंड. एसटीचा कंडक्टर, पंचायतीचा सचिव, पुण्याहून आलेला जावई, रेडिओवरून कापसाचा सल्ला देणारा साहेब, असे पंधरा-वीस लोक माझ्या तोंडात कायमचे भाडेकरू होते. पण लोक नाव घेऊन मागायचे ते एकालाच, नवरदेवाला.

हा नवरदेव बोलताना अडतो. लग्नात त्याला नाव घ्यायला सांगतात, म्हणजे उखाणा म्हणून त्यात बायकोचं नाव गुंफायला. उखाणा तो झकास म्हणतो आणि नावापाशी येऊन अडतो. नाव मी मुद्दाम 'प'वरून ठेवलं होतं, कारण 'प' अडला की ओठ, गाल, मान, खांदे सगळेच कामाला लागतात. तो असा अडला की मी टोपी फिरवून त्याचा बाप व्हायचो आणि पब्लिकला दम द्यायचो, "हसू नका बे. थांबा, येऊन राहिलं त्याले." पब्लिक आणखी हसायची. मागून कोणीतरी ओरडायचं, "कवा येईन?" हे 'कवा येईन', म्हणजे कधी येईल, मी कोणाला शिकवलं नव्हतं. कुठल्याशा गावात ते सुरू झालं आणि माझ्या आधी पुढच्या गावात जाऊन पोचलं. शेवटी नवरदेव घामाघूम होतो, बायकोचं नाव सोडून देतो आणि शेजारणीचं नाव एका दमात घेतो. तिथे लोक मांड्या बडवत हसायचे.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी एक सांगून ठेवतो. आमच्याकडे 'तो येऊन राहिला' म्हणजे तो येतो आहे, वाटेवर आहे. पुण्याकडच्या कानाला वाटतं, तो आला आणि मुक्कामाला राहिला. एवढ्या एका क्रियापदावर मी पुण्याच्या जावयाची दहा मिनिटांची नकल करायचो. घरात या क्रियापदाचं काय झालं, ते मात्र कुठल्या नकलेत बसण्यासारखं नाही.

आम्ही तेव्हा अमरावतीत राजापेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. खाली शिकवणी वर्ग होता. दिवसभर खालून इंग्रजीची क्रियापदं वर यायची आणि गॅलरीतून स्कूटरींचा धूर. मी दौऱ्यावरून परतायचो तो बहुतेक दिवेलागणीला. मुलगी गॅलरीच्या गजांत तोंड घालून बसलेली असायची. कोपऱ्यावर माझी पिशवी दिसली की ती आत आईला ओरडून सांगायची, "बाबा येऊन राहिले." तीन वर्षांची असल्यापासून ती हे सांगायची. साडेचार-पाचची झाली आणि तिचं बोलणं अडायला लागलं. आधी 'प' आणि 'ब' अडले, मग 'क', मग कुठल्या दिवशी काय अडेल याचा नेम राहिला नाही. हे एक वाक्य मात्र अडलं नाही. सकाळी जिला 'पाणी' म्हणता यायचं नाही, ती संध्याकाळी 'बाबा येऊन राहिले' सरळ म्हणायची. बायकोच्या ते माझ्या आधी लक्षात आलं.

डॉक्टर झाले, बोलण्यावर उपचार सांगणाऱ्या बाई झाल्या. त्या बाई म्हणाल्या, तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका, घाई करू नका, थांबा. मी मान डोलावली. माझ्या पोटापाण्याचं वाक्यच 'थांबा'ने सुरू होत होतं, हे त्या बाईंना कुठून ठाऊक असणार. घरी आल्यावर बायकोने एवढंच विचारलं की आता तरी तो नवरदेव बंद करणार ना. मी हो म्हणालो. तेव्हापासूनच मला खोटं 'हो' म्हणायची सवय आहे.

का बंद केला नाही, ते सांगायला हवं. ती वर्षं वाईट होती, शेतकरी जीव देत होते. सकाळी वर्तमानपत्र उघडायला भीती वाटायची, आणि पहिल्या पानावर बहुतेक वेळा आमच्याच जिल्ह्यांची नावं असायची. बाहेरचे लोक गाड्या घेऊन यायचे, गावं पाहून जायचे. त्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं की या गावांमध्ये हसवण्याचे कार्यक्रम करावेत, लोकांची मनं मोकळी होतील. मला बोलावलं. माणसाला आपण महत्त्वाचे आहोत असं सांगितलं की तो घरी कमी राहतो. मी महिन्यातले वीस-वीस दिवस बाहेर राहायला लागलो.

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात सरपंचाने कार्यक्रमाआधी मला बाजूला घेतलं. म्हणाला, पुढच्या रांगेत निळ्या शर्टाचा बसलेला दिसेल, त्याचा मोठा भाऊ मागच्या पंधरवड्यात गेला, जरा सांभाळून करा. मी जपून कंडक्टर केला, जपून सचिव केला. कोणी हसलं नाही. चारशे माणसं आणि खोकल्याशिवाय आवाज नाही. नकलाकाराला अशी शांतता अंगावर येते. मी घाबरलो आणि नवरदेव काढला. निळ्या शर्टाचा माणूस आधी नुसता बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. 'शेजारीण' आली तेव्हा तो गुडघ्यांत डोकं घालून हसत होता आणि त्याच्याबरोबर अख्खं गाव. कार्यक्रम संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "आज जेवीन म्हणतो." तेवढंच बोलून गेला.

त्या वाक्याच्या जोरावर मी पुढची दोन वर्षं नवरदेव केला. मनात बायकोशी भांडायचो. म्हणायचो, तू त्या माणसाला पाहिलं असतं तर तू पण हेच सांगितलं असतं. तिच्याशी तोंडाने मात्र कधी भांडलो नाही, कारण मग बंद केला नाही हे कबूल करावं लागलं असतं.

आणखी एक कबुली आहे, ती त्याहून वाईट. माझा नवरदेव पूर्वी नुसता ओठ दाबून मान-खांदे उडवायचा. मुलगी अडखळायला लागल्यावर तो सुधारला. तिचा शब्द अडला की ती डोळे मिटायची, फ्रॉकचं टोक उजव्या मुठीत धरून पिळायची आणि अंगठ्याने जमीन दाबायची. माझा नवरदेव डोळे मिटायला लागला. उपरण्याचं टोक उजव्या मुठीत पिळायला लागला. हे माझ्याकडून नकळत झालं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण मला ते कळत होतं. पहिल्यांदा उपरणं पिळलं तेव्हा हशा लांबला होता, आणि पुढच्या गावी मी तो हशा मागायला पुन्हा उपरणं पिळलं होतं.

हिवरखेड माझी सासुरवाडी. मुलगी नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आणि बायको तिकडे होत्या, आणि तेव्हाच हिवरखेडच्या शाळेत माझा कार्यक्रम लागला. मी नवरदेव करायचा नाही असं ठरवून गेलो होतो. देवाशपथ ठरवलं होतं. पण लोकांनी मागितला. आधी पोट्ट्यांनी, मग मोठ्यांनी, मग खुद्द माझ्या सासऱ्याने खुर्चीतून हात वर करून मागितला. मी मैदानावर नजर फिरवली, मायलेकी दिसल्या नाहीत. म्हटलं, आल्या नसतील.

मुलगी आली होती. मामेबहिणींबरोबर डावीकडच्या सतरंजीवर अगदी पुढे बसली होती, म्हणून तर मला दिसली नाही. मी लांबचे चेहरे बघत होतो. शेजारणीचं नाव घेऊन मी वाकून नमस्कार केला तेव्हा खाली माझी नजर तिच्यावर गेली. तिच्या आजूबाजूच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. त्यातली एक तिला कोपराने ढोसत होती. मुलगी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. उपरणं अजून मुठीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला विहिरीच्या कट्ट्यावर एकटी सापडली. मी शेजारी बसलो. तिनेच तोंड उघडलं. 'तुमी' म्हणायला तिला किती वेळ लागला ते मला आठवत नाही, पण मधे मी तो शब्द पुरा केला हे आठवतं.

"तुमी हे माझ्यापासून शिकले काय?"

मी म्हणालो, नाही बेटा, हा नवरदेव तुझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे. वाक्य शंभर टक्के खरं होतं. तिने मान हलवली, फ्रॉकचं टोक मुठीत घेतलं, मग तिकडे बघून सोडून दिलं. त्यानंतर तिने बोलताना कधी कपडा धरला नाही. हात पाठीमागे बांधून बोलायला लागली, शाळेत उभं केल्यासारखी. बोलणंही कमी केलं. बायको माझ्याशी आठ दिवस बोलली नाही, मग आमच्या घरात खालच्या शिकवणीचाच काय तो आवाज.

नवरदेव मी त्या दिवशी टाकला. गावोगाव मागायचे, मी नाही म्हणायचो. 'कवा येईन' मात्र थांबलं नाही. मी स्टेजवर पाण्याचा घोट घ्यायला थांबलो तरी मागून यायचं.

पुस्तकाची कल्पना माझी नाही, आमच्या पेंटरभाईची. तो शेजारच्या गल्लीत राहायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. राजापेठेतली निम्मी अक्षरं त्याच्या हातची होती, मराठी, हिंदी, उर्दू, तिन्ही सारख्या ऐटीत. मग फ्लेक्सची मशीन आली आणि त्याचे डबे सुकायला लागले. मुलगी त्याच्याकडे जाऊन तासन् तास बसायची. तिथे बोलावं लागायचं नाही. एक दिवस तो मला म्हणाला, "भाऊ, तुम सबकी बोली जानते. लोकांले हसवासाठी वापरून राहिले. एखादी किताब बच्चों के लिए लिखो ना, जिसमें हर कोई अपना अपना बोले, और हसनेवाला कोई नहीं."

मी लिहिली. चित्रं त्याने काढली. सहाव्या मुलीचं तोंड त्याने चारही पानांवर बंद काढलं आणि बाकीच्या पाच जणांचे डोळे तिच्याकडे. पहिल्या पानावर एक मुलगा उभा आहे, चौथ्यापर्यंत तो मांडी घालून बसलेला आहे. कोरकू मुलगा बोरं काढून वाटतो. बाजार उठतो, सावल्या लांब होतात. कोणी तिथून हलत नाही.

प्रकाशक पुण्याचे. माणूस भला, पण त्यांनी आधी चार मुक्या पानांना हरकत घेतली, मग एका वाक्याला. मुलगी पहिल्यांदा अडते तेव्हा वऱ्हाडी मुलगा बाकीच्यांना सांगतो, 'थांबा, येऊन राहिलं तिले.' त्यावर समासात लाल शाईत विचारणा होती, कोण येऊन राहिलं, कुठे राहिलं? आणि खाली दुरुस्ती, 'थांबा, ती सांगत आहे.' मी फोनवर बरंच तोंड टाकलं. म्हणालो, सगळं पुस्तक तुमच्या पद्धतीने करा, हे वाक्य हलवाल तर चित्रांसकट परत द्या. त्यांना वाटलं बोलीचा अभिमान. खरं कारण मी सांगितलं नाही. ज्या वाक्याने मी गावोगाव लोकांना माझ्या लेकीवर हसवलं, तेच वाक्य धुऊन-पुसून मला तिला परत द्यायचं होतं.

पहिली प्रत मी तिच्या हातात दिली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिने ती उभ्याउभ्या वाचली. मुकी पानं बोटाने मोजली.

"चार पानं?"

मी म्हटलं, हो.

"इतका वेळ कोनी नाई थांबत, बाबा."

यावेळी मी मधे बोललो नव्हतो, एवढं समाधान. पुस्तक तिने फडताळात पाठ्यपुस्तकांच्या मागे ठेवलं. ते पुढे खूप चाललं. शाळांनी घेतलं, लोकांनी शाली दिल्या, माझ्या नावामागे 'बालसाहित्यिक' लागलं. सगळ्या मुलांना आपापल्या बोलीत बोलू द्या, यावर मी इतकी भाषणं दिली की शेवटी त्याचीही एक नकल झाली. ज्या माणसाने हे सगळं सुचवलं त्या पेंटरभाईला एका शाळेने बोलावलं नाही. तो हसून सोडून द्यायचा. मुलगी मोठी झाली, मातीचं शिकली. नळ्या, चाळण्या, वजनकाटा यांच्याशी तिचं छान जमलं. म्हणायची, माती विचारत नाही.

तिथेच तिच्याबरोबर काम करणारा एक मुलगा तिने निवडला. मला तो पहिल्याच भेटीत आवडला. ती बोलत असताना तो चहाचा कप हातात धरून बसतो, पीत नाही. त्याचं नाव 'प'वरून आहे. तिने ते मला सांगितलं तेव्हा कागदावर लिहून दाखवलं आणि माझ्याकडे बघून किंचित हसली. त्या हसण्यात काय होतं, याचा मी अजूनही विचार करतो. मला वाटलं, तिने मला माफ केलं.

लग्न अकोल्यात झालं, हॉलमध्ये, सकाळच्या मुहूर्ताला. पाहुण्यांना काय द्यायचं यावर मी हट्ट धरला, प्रत्येकाला आपलं पुस्तक. दारात पेंटरभाई पांढरा झब्बा घालून टेबलावर बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याने एकेक प्रत ठेवली. म्हणजे हॉलमधल्या प्रत्येक माणसाच्या मांडीवर ती चार पानं होती, हे ध्यानात ठेवा.

जेवणाआधी नाव घ्यायचा आग्रह सुरू झाला. मी बायकोला म्हणालो, हे टाळूया. बायको म्हणाली, तिने स्वतः तयारी केली आहे, महिनाभर आरशासमोर करून राहिली, तुम्ही मधे पडू नका. उखाणाही तिने स्वतःच केला होता. ती उभी राहिली, माईक घेतला. चालीवर तिचं बोलणं फारसं अडत नाही, त्यामुळे पहिली ओळ स्वच्छ आली.

"काळ्या मातीत पेरली तूर, हिरवी आली रोपं..."

दुसरी ओळ होती, 'अमक्याचं नाव घेते, नाव आहे सोपं.' नाव आहे सोपं. तिने स्वतःवरच विनोद केला होता, आणि तो मी आयुष्यात केलेल्या सगळ्या विनोदांपेक्षा चांगला होता. पण त्या ओळीचा पहिलाच शब्द म्हणजे नवऱ्याचं नाव. 'प' अडला. तिने डोळे मिटले. आणि इतक्या वर्षांनी तिच्या उजव्या हाताने शालूच्या पदराचं टोक धरलं आणि पिळलं.

पहिला हसला तो माझा चुलतभाऊ. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्याने नवरदेव पंचवीस वेळा पाहिला होता. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी पाहिला होता. त्यांनी ते मिटलेले डोळे ओळखले, पिळलेला पदर ओळखला, आणि त्यांना वाटलं की पोरीने बापाचा गाजलेला नंबर आपल्या लग्नात काढला. "वा पोरी, बापाची लेक," असं कोणी म्हणालं. टाळ्या पडल्या. प्रेमाने हसत होते सगळे. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिने डोळे उघडले. समोर चारशे माणसं हसत होती आणि तिच्या तोंडात अजून 'प' होता.

मी धावत स्टेजवर गेलो. तिच्या हातातला माईक घेतला. मला फक्त एवढं सांगायचं होतं की ही नकल नाही, ती खरंच अडली आहे, तिला वेळ द्या. पण तोंडाला जी वाट पाठ आहे तिकडेच ते गेलं.

"हसू नका. थांबा, येऊन राहिलं तिले."

हॉल फुटला. पहिल्या हशापेक्षा तो दुप्पट होता. मागच्या रांगेतून, कोणाचा आवाज ते मी आजपर्यंत शोधलेलं नाही, "कवा येईन?" मी हात जोडले. त्यावरही हसले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तर एक म्हातारे मामा शेजारच्याला सांगत होते, पाहा, रडणंही कसं हुबेहूब करतो. पेंटरभाई दाराजवळ उभा राहून हात हलवत ओरडत होता, "चूप बैठो रे, चूप बैठो," पण त्याचा आवाज स्टेजपर्यंत आला नाही. नुसतं तोंड हलताना दिसत होतं.

मुलीने माझ्या हातातून माईक परत घेतला. ओढला नाही, नुसता काढून घेतला. आणि ती उभी राहिली. हसणं आपोआप विरायला बराच वेळ लागला. मग तिने नाव घेतलं. अडत, तुटत, पण पुरं घेतलं. 'नाव आहे सोपं' हे मात्र म्हणाली नाही. आता हसायचं की नाही, हे लोकांना कळेना. काहींनी टाळ्या वाजवल्या. नवरा मुलगा तिच्याकडे बघत होता, त्याने तेवढा वेळ पापणी हलवली नसेल. तो थांबला होता. त्या हॉलमध्ये तो आणि ती असे दोघेच थांबले होते.

निघताना ती आईच्या गळ्यात पडून रडली. पेंटरभाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा रडली. माझ्या पाया पडली आणि उठून माझ्याकडे बघत राहिली. ओठ मिटलेले, 'ब' किंवा 'प' अडल्यावर असतात तसे. मी या खेपेला काही बोललो नाही. तिने तो शब्द सोडून दिला आणि दुसरा घेतला.

"येऊनच राहिलं होतं," ती म्हणाली. "तुमी थांबाले पायजे होतं."

हॉल रिकामा झाल्यावर मी आणि पेंटरभाईने खुर्च्यांवर राहिलेली पुस्तकं गोळा केली. पुष्कळ राहिली होती. काहींवर वरणाचे डाग होते. ती मी पुसून बांधून ठेवली, आणि त्यातलीच एखादी शाळेत जाताना घेऊन जातो.

त्याला आता सहा वर्षं झाली. ती सणासुदीला येते, दोघंही येतात, सगळं नीट आहे. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. तो बायको घेते. एखाद्या रविवारी बायको घरात नसते, मग मी उचलतो आणि 'हॅलो' म्हणून गप्प राहतो. पलीकडे मिटलेल्या ओठांचा आवाज असतो. तो आवाज कसा असतो ते मला पक्कं माहीत आहे, मी तो गावोगाव काढला आहे. उपरण्याचा बोळा तोंडाशी धरून मी थांबतो. चार पानं थांबतो, पाच थांबतो. मग पलीकडून येतं, "आई नाई काय?"

'आई' तिला अडत नाही. लग्नाच्या दिवसानंतर 'बाबा' हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकलेला नाही. बायको म्हणते, 'ब' अडत असेल, तुम्ही भलतंसलतं मनात आणू नका. असेल तसंच. पण मी राजापेठेत राहिलेला माणूस आहे. त्या गॅलरीखालून पिशवी घेऊन येताना मी शेकडो वेळा ऐकलं आहे, 'बाबा येऊन राहिले,' आणि तिथला 'ब' एकदाही अडला नव्हता.